पहिला भोवरा

माझा स्वभाव चौकस आहे. बायको त्याला नसती उठाठेव म्हणते, आणि तिचं माहेर मालवणातलं असल्यामुळे हे ती हळू आवाजात म्हणत नाही. गोव्यातल्या एका कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्यात माझी सगळी नोकरी गेली. नोकरी संपवून गावी आलो तेव्हा लोकांनी काजूची कलमं लावली, मी मागच्या पडवीत एक छोटा लेथ आणून ठेवला. लाकूड फिरवायचं आणि पटाशी लावून ते गोल कातायचं, एवढंच त्याचं काम. पण मला त्याला स्टेपर मोटारी बसवायच्या होत्या. कशासाठी, हे बायकोनं विचारलं. मलाही ते तेव्हा नीट सांगता आलं नाही.

या मोटारींनी मला कारखान्यातच वेड लावलं होतं. साधी मोटार लाईट दिली की फिरत सुटते आणि बंद केली की आपल्या मर्जीनं थांबते. स्टेपर पावलापावलानं फिरते. तिच्यामागे एक कंट्रोलर असतो, जेवणाच्या डब्याएवढी पेटी, वर चार बाणांची बटणं आणि एक छोटा पडदा. त्याला एकदा शिकवून ठेवायचं की इतकी पावलं आत जा, थांब, इतकी उजवीकडे सरक, मागे ये. तो ते लक्षात ठेवतो आणि सांगाल तितक्या वेळा तसंच करतो. मला गंमत वाटायची ती पुढच्या गोष्टीची. कंट्रोलर मोटारीला हुकूम देतो, पण ती खरोखर तिथे पोहोचली का हे तो बघत नाही. त्याला डोळेच नाहीत. आंधळा माणूस आपल्या घरात पावलं मोजत वावरतो, तसा त्याचा कारभार. मधेच कुणी त्याला धरून बाजूला सरकवलं, तर मोजणी बरोबर राहते आणि माणूस भिंतीवर आपटतो.

म्हणून रोज सकाळी यंत्र चालू केलं की आधी पटाशी बसवलेला सरकता गाडा मागे मागे जाऊन एका बारक्या बटणाला टेकतो. तिथं शून्य. तिथून पुढची सगळी मोजणी. ही रीत मला फार आवडते. दिवसाची सुरुवात कुठून करायची, याबद्दल त्या यंत्राच्या मनात शंका नसते.

माझा हा खेळ कुणाच्या उपयोगी पडला, तर तो मामांच्या. मामा म्हणजे बायकोचे सख्खे मामा, व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्याच्या पल्याड, एकटे राहणारे. तरुणपणी सावंतवाडीला लाकडी खेळणी कातायला शिकले आणि पुढे जन्मभर तेच केलं. भोवरे, लाटणी, बाहुलीच्या संसाराची भांडी. आंगणेवाडीच्या जत्रेत त्यांची ठरलेली जागा असे, आणि मुंबईहून आलेले चाकरमानी पोरांना घेऊन तिथं थांबतच. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण उजवा हात गेला. म्हणजे हात होता जागच्या जागी, पण मामा त्याला खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळून ठेवत, एखाद्या पाहुण्याला जरा बाजूला बसवावं तसा. डॉक्टरांनी रबरी चेंडू पिळायला दिला होता. तो मामांनी शेजारच्या कुत्र्याला दिला.

"चेंडू पिळून कोणाचा बरा झाला काय?" असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा मुलगा मुंबईला. चांगला मुलगा आहे. रोज फोन करतो, आणि एकच गोष्ट सांगतो, बाबा, एकटे राहू नका, इकडे या. मामांना जायचं नव्हतं. पण नको म्हणायला त्यांच्याकडे कारण उरलं नव्हतं. एक दिवस पडवीत येऊन माझ्या लेथकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "जावयबापू, ह्या तुमच्या मशिनावर भोवरे जमतले काय? जत्रेक दुकान लावलंय तर ऱ्हवतंय. नाय जमला, तर झील जत्रेक येतलो, त्येच्यावांगडा मुंबयक जातंय."

झील म्हणजे मुलगा, वांगडा म्हणजे बरोबर. एवढं बोलून ते स्टुलावर बसले. मी यंत्र बांधताना ज्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, त्याचं उत्तर असं स्वतःच्या पायांनी चालत आलं. मला फार बरं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली.

यंत्राला भोवरा शिकवणं हा आमच्या दोघांचा आनंदाचा काळ. मामा डाव्या अंगठ्यानं बाणांची बटणं दाबत, पटाशी केसाकेसानं पुढे सरके, आणि बरोबर जागी आली की ते मला मान हलवून सांगत. मग मी ती जागा कंट्रोलरच्या लक्षात ठेवायची. "वायच आत. अजून वायच. बस." पहिला भोवरा कातून निघाला तो मी सोडवून मामांच्या हातात दिला. आम्ही जागा मोजक्याच दिल्या होत्या, आणि यंत्र एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत सरळ रेघेत जातं. पोटाला कंगोरे आले होते. मामांनी डाव्या हातानं तो फिरवून फिरवून पाहिला.

"ह्येका दोरी गुंडाळून कोण फिरवतलो?" ते म्हणाले. "ह्यो कंदिलाच्या काचेसारखो दिसता."

मग आम्ही जागा वाढवत गेलो. मामा डोळे मिटून बटण दाबायचे. मी विचारलं, डोळे मिटून कसं कळतं? ते म्हणाले, भोवऱ्याचं पोट डोळ्यांना नाही कळत, हाताला कळतं. हाताचं नाव निघालं की त्यांचा चेहरा पडे, म्हणून मी पुढे विचारलं नाही. पण काही दिवसांनी पोट असं गोल उतरलं की बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बघायला आली. लाखेचा रंग मामा डाव्या हातानंच देत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची, ती घर्षणानं वितळते, मग वरून केवड्याचं पान दाबून धरायचं की झिलई चढते. लाल, पिवळा, हिरवा. पडवीला लाखेचा गोडसर वास यायला लागला.

आणि मग तो बिघाड सुरू झाला.

दिवसाचा पहिला भोवरा चुकायचा. फक्त पहिला. तो इतरांपेक्षा बारीक उतरायचा. मी यंत्र थांबवून गाडा पुन्हा शून्याला नेऊन आणला की पुढचे सगळे दिवसभर बिनचूक. सुरुवातीला फरक इतका थोडा होता की मापाचा कॅलिपर लावल्याशिवाय दिसत नव्हता. मी म्हटलं, असेल काहीतरी. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा.

माझ्यासारख्या माणसाला याहून मोठी मेजवानी नाही. आमच्याकडे लाईट सकाळी कधी मंद तर कधी झगझगीत असते, म्हणून आधी संशय लाईटवर. वेगळा पुरवठा लावला. बिघाड कायम. मग खाऱ्या हवेवर. समुद्र जवळ असला की तांब्याच्या टोकांवर हिरवट बुरशी चढतेच. सगळी टोकं घासली. बिघाड कायम. कंट्रोलरची पेटी उघडली तर आत पालीची दोन अंडी, पांढरीशुभ्र, अगदी पेपरमिंटच्या गोळीसारखी. ती मी पानावर घेऊन परसात ठेवली, आणि आता सुटलं कोडं म्हणून बायकोला सांगितलंही. दुसऱ्या दिवशी पहिला भोवरा आणखी बारीक. मग मोटार आणि गाड्याचा स्क्रू जोडणारी कडी आवळली. मग वाटलं लाकूडच रात्रभर दमट होत असेल, म्हणून पांगाऱ्याचे ठोकळे चुलीच्या वरच्या फळीवर ठेवले. बायकोनं त्यावर जे म्हटलं ते इथं लिहीत नाही.

चुकलेले भोवरे मी टाकले नाहीत. एकामागून एक खिडकीच्या फळीवर मांडत गेलो. बिघाडाचा काही क्रम लागतो का ते बघावं, एवढाच हेतू.

मामा मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालले. मला ते दिसत होतं, पण माझं डोकं कोड्यात गुंतलेलं.

एका सोमवारी मामा बाजाराला गेले, आले नाहीत. मी एकट्यानंच यंत्र चालू केलं आणि पहिला भोवरा काढला. बरोबर! दुसऱ्या दिवशीही त्यांना यायला उशीर झाला, मी वाट न बघता भोवरा लावला. तोही बरोबर. धागा सापडला की मला भान राहत नाही. मी पडवीतून आत ओरडलो, "अगो, ऐकलंस? मामा नसले काय बिघाड येणा नाय! मामा इले तरच येता!"

मागं वळलो तर परसदारी मामा उभे. काखेत लाखेच्या कांड्यांचा डबा.

"म्हणजे मशिनाक पन कळला," ते म्हणाले.

"तसा नाय मामानू..."

"माका पयलोच संशय होतो. ह्या हाताचो पायगुणच तसो झालो आसा. जावयबापू, तुमी लय केलास. मी जातंय मुंबयक." त्यांनी डबा जमिनीवर ठेवला. "ह्यो तुमका ऱ्हवांदे."

बायको बाहेर आली, तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला कंट्रोलरच्या पेटीत शिरून बसावंसं वाटलं. मामा चहाही न घेता वळले. मला राग आला. त्यांचा नाही, आणि माझाही थोडाच, खरा राग आला तो त्या बिघाडाचा. निर्जीव लोखंडाला कुणाचा पायगुण कळत नसतो. कळायला त्याच्याकडे जागाच नाही. मी इतकी वर्षं यंत्रांबरोबर काढली, ती यंत्रं पुष्कळ वेळा चुकली, पण माणूस बघून चुकणारं एकही भेटलं नाही. त्यांच्या येण्यानं बिघाड होतो हे खरं असेल, तर ते येऊन काहीतरी करत असणार. काय करतात?

मी त्यांच्या मागे व्हाळावरच्या छोट्या पुलापर्यंत, साकवापर्यंत, धावत गेलो.

"मामानू, एकदाच येवा उद्या. रोज करतास तसाच सगळा करा. मी कोपऱ्यात बसान बघतंय. मगे जावचा तर जावा."

ते हो म्हणाले, मला वाटतं माझी कीव येऊन.

आमची सकाळची रीत अशी होती. मी यंत्र चालू करायचो, गाडा शून्याला टेकायचा, मग मी ठोकळे आणायला आणि चहा सांगायला आत जायचो. परत येईपर्यंत मामा येऊन स्टुलावर बसलेले असत. म्हणजे ते आले आणि बसले यांच्यामधलं मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी मी आत गेलो नाही. नारळाच्या ढिगामागे पाटावर बसलो.

मामा आले. वहाणा बाहेर काढल्या. लेथसमोर उभे राहिले. पंचा सोडला, डाव्या हातानं उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि पटाशीच्या गाड्याला जे हातानं फिरवायचं चाक असतं, त्यावर नेऊन ठेवला. मग डावा हात काढून घेतला. क्षणभर काही झालं नाही. मग त्या उजव्या हाताची बोटं हळूहळू चाकाभोवती मिटली आणि चाक फिरलं. देवाला प्रदक्षिणा घालतात त्या अंगानं. बंद मोटारीलाही आतून खाचा असतात, त्या एकेक ओलांडल्याचा टक टक आवाज मला नारळांमागे ऐकू आला. मग मामांनी डाव्या हातानं तो हात कपाळापर्यंत नेला आणि स्टुलावर बसले.

मी उडी मारूनच बाहेर आलो. "ह्या काय केलास?"

मामा दचकले. "काय केलंय? नमस्कार केलंय. हत्याराक एक फेरो दिल्याशिवाय कामाक हात लावचो नाय, असा आमच्या गुरुजींनी घालून दिलेला. तो उजव्या हातानच दिवचो लागता."

"रोज करतास?"

"रोज म्हणजे? जल्मभर करतंय."

सगळं एका क्षणात उलगडलं. काम नसताना मोटारी तापत राहू नयेत म्हणून मीच कंट्रोलरला शिकवून ठेवलं होतं, की थांबलास की मोटार सैल सोड. सैल मोटारीचं चाक हातानं फिरतं. शून्य धरून झाल्यावर मामा चाक फिरवायचे, गाडा पुढे सरकायचा, आणि आंधळ्या कंट्रोलरला त्याचा पत्ताच नसायचा. तो आपला शून्यावर उभा आहे असं समजून पावलं मोजायला लागायचा. पटाशी जास्त आत घुसायची. भोवरा बारीक. मी मामांना हे हातवारे करून सांगितलं. बायकोही येऊन उभी राहिली होती.

"ते रोज चाकाक हात लावतत ता माका म्हायत होता," ती म्हणाली.

"मगे सांगूक काय झाला होता?"

"तुमी माका विचारलास खंय? तुमी पालीक विचारीत होतास."

मामा हसले नाहीत. "म्हणजे चूक माझ्या हाताचीच ना?" ते म्हणाले. "मी तरी दुसरा काय सांगलंय?"

पण एक गोष्ट माझ्या हिशेबात बसत नव्हती. फेरा रोज एकच असेल तर चूकही रोज एकसारखी हवी. ती वाढत का होती? मी खिडकीच्या फळीकडे बघितलं. पहिल्या दिवसाचा भोवरा आणि रविवारचा. मधले सगळे. गुबगुबीत पोट, मग जरा कमी, मग आणखी कमी, शेवटचा तर चवळीच्या शेंगेसारखा झालेला. मधेच एक जाडा, ओळ मोडून बसलेला.

"मामानू," मी म्हटलं, "पयल्या दिवशी चाक किती फिरवलास?"

"पयल्या दिवशी खंय फिरता? नुसतो हात टेकवलंय. देवाक म्हटलंय, मानून घे." ते थांबले. "मगे वायच हलाक लागला. माका वाटला तुमी तेल घातलास."

"मी तेल घालूक नाय."

मामा उठले आणि खिडकीपाशी गेले. त्यांनी एकेक भोवरा डाव्या हातानं उचलून पाहिला. जाड्या भोवऱ्यावर त्यांचं बोट थांबलं.

"ह्यो माका ताप इल्लो तेव्हाचो," ते म्हणाले. "त्या दिवशी अंगात जीवच नव्हतो."

मग त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो झटका आल्यापासून मी त्यांना त्या हाताकडे बघताना पाहिलं नव्हतं. तो हात रोज थोडा जास्त फिरवत होता, आणि ते त्या हाताला सोडून जगातल्या एकाच गोष्टीला कळत होतं, माझ्या आंधळ्या यंत्राला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, लपवत नाही.

मला भावना फार वेळ झेपत नाहीत, म्हणून मी कामाचं बोलायला लागलो. म्हटलं, यावर उपाय एकदम सोपा आहे. तुमचा नमस्कार आधी होऊ दे, शून्य मागून धरायचं. कंट्रोलरमध्ये एक ओळ खालीवर केली की झालं. मग पहिला भोवराही बरोबर येईल, जत्रेसाठी एकही फुकट जाणार नाही. मी बटणं दाबायला वाकलोही.

डाव्या हातानं मामांनी माझं मनगट धरलं.

"तसा करू नको," ते म्हणाले. एरवी मला ते कधी अरेतुरे करत नाहीत. "सगळेच बरोबर इले, तर मगे माका कळतला कसा?"

मी हात मागे घेतला. ती ओळ होती तिथेच राहिली.

मामांनी खिशातून आपला बटणांचा जुना फोन काढला. मुलाचा नंबर त्यांना पाठ आहे. डाव्या हातात फोन धरला आणि उजव्या हाताचं बोट एकेका आकड्यावर नेऊ लागले. वेळ लागत होता. बायको पुढे झाली, तिला त्यांनी मानेनंच नको म्हटलं. फोन लागला. आवाज इतका मोठा की पडवीभर ऐकू येत होता. पलीकडे कुणी बाई बोलत होती, सूनबाई नव्हे. कुठला तरी आकडा भलताच दाबला गेला होता. आम्हा दोघांना ते कळलं, मामांना कळलं नाही, किंवा कळून त्यांना फरक पडला नाही.

"मी मुंबयक येवचंय नाय," ते तिला म्हणाले. "माझो हात चालता."



"बरं झालं हो काका," ती बाई म्हणाली. "सांभाळा आता त्याला."